काळोख्या काळातील पुस्तके : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

युद्ध, दंगल, हुकूमशाही किंवा साथीचा रोग अशा काळात माणसे योग्य-अयोग्याचा निर्णय कसा घेतात आणि कशाच्या बळावर तग धरतात, हे दाखवणाऱ्या पुस्तकांविषयी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पुस्तके निवडताना मी एकच कसोटी लावली आहे : त्या माणसाला प्रत्यक्षात निर्णयाला किती वाव उरला होता, हे लेखकाने प्रामाणिकपणे दाखवले आहे का? जेथे तो वाव न दाखवताच धैर्याचे पोवाडे गायले आहेत, ती पुस्तके कितीही लोकप्रिय असली तरी मी सुचवलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. प्रेरणादायी म्हणून जी पुस्तके हाती येतात, त्यांत माणूस संकटातून हमखास तावूनसुलाखून निघतो. माझ्या पाहण्यातली पुष्कळ माणसे मात्र संकटाने खचली, काही तर कायमची कडवट झाली. दुःखाने माणूस मोठा होतो हे खरे आहे का? नसेल, तर अशी पुस्तके वाचायची कशासाठी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि तिला सर्वांत ठाम दुजोरा देणारा लेखक स्वतः त्या आगीतून गेलेला आहे. प्रिमो लेव्ही हे इटलीतील तुरिन शहरचे रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले, फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले आणि २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौज तेथे पोहोचली तेव्हा जे थोडे कैदी जिवंत होते त्यांत ते होते. ‘इफ धिस इज अ मॅन’ या पुस्तकात त्यांनी त्या काळाची हकीकत लिहिली. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नाकारली, १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने तिच्या २५०० प्रती काढल्या, आणि त्या मोठ्या संस्थेने ती छापायला १९५८ साल उजाडावे लागले.

दुःखाने माणूस शुद्ध होतो असे लेव्ही कोठेही म्हणत नाहीत. छावणीचा अलिखित कायदा त्यांनी सांगितला आहे तो असा, की आपली भाकर खावी आणि जमल्यास शेजाऱ्याचीही. उपाशी माणसांना उपाशी माणसांच्या विरोधात उभे करणे, हाच त्या व्यवस्थेचा हेतू होता आणि बहुतेक वेळा तो साधला जाई, हे ते कसलाही आडपडदा न ठेवता लिहितात. म्हणूनच शेवटच्या प्रकरणातला एक लहानसा प्रसंग इतका खरा वाटतो. जर्मन पहारेकरी चालू शकणाऱ्या कैद्यांना घेऊन पळून गेले आहेत आणि साथीच्या रुग्णांच्या खोलीत लेव्ही व त्यांचे सोबती कडाक्याच्या थंडीत पडून आहेत. लेव्ही आणि दोन फ्रेंच कैदी आजारी असतानाच बाहेर जातात, मोडतोड झालेल्या छावणीतून एक शेगडी आणि थोडे बटाटे शोधून आणतात, आणि खोलीत ऊब येते. तेव्हा एक रुग्ण सुचवतो, की या तिघांनी काम केले आहे, तर प्रत्येकाने आपल्या भाकरीतला एकेक तुकडा त्यांना द्यावा. आणि सगळे कबूल होतात. आदल्या दिवशी ही गोष्ट कल्पनेतही आली नसती, असे लेव्ही नोंदवतात. छावणी संपल्याची पहिली खूण त्यांना त्या तुकड्यांत दिसली.

याच पुस्तकात लोरेन्झो नावाचा एक इटालियन गवंडी भेटतो. तो कैदी नव्हता, तेथे मजुरीवर आलेला होता. सहा महिने त्याने रोज आपल्या वाट्याचे काही अन्न लेव्हींना आणून दिले, ठिगळे लावलेला एक अंगरखा दिला, त्यांच्या वतीने इटलीला पत्र पाठवले आणि उत्तरही आणून दिले. मोबदला म्हणून काही मागितले नाही. आपण स्वतः माणूस आहोत याचा विसर पडला नाही तो लोरेन्झोमुळे, असे लेव्हींनी लिहिले आहे. पुढे त्यांनी आपल्या दोन्ही मुलांच्या नावांत लोरेन्झोचे नाव गुंफले. लोरेन्झो स्वतः मात्र युद्धानंतर सावरला नाही; दारूच्या आहारी जाऊन १९५२ मध्ये तो वारला. दुसऱ्याला तारणाऱ्या माणसाचाही असा शेवट झाला, हे लेव्ही लपवत नाहीत.

आता वाचायचे कशासाठी, याविषयी. आपल्या पाहण्यातल्या खचलेल्या, कडवट झालेल्या माणसांना न्याय देण्यासाठी अशी पुस्तके वाचावीत, असे मला मनापासून वाटते. दुःखाने माणूस मोठा होतोच असे एकदा धरून चालले, की जो मोडला त्याच्यातच काही कमी होते, असा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि तो अत्यंत क्रूर आहे. लेव्हींचे १९८६ चे ‘द ड्राउन्ड अँड द सेव्हड’ हे पुस्तकही मिळाल्यास जरूर वाचावे. थोड्याशा अधिक अन्नासाठी छावणीच्या कारभाराला हातभार लावणाऱ्या कैद्यांविषयी त्यात एक दीर्घ प्रकरण आहे. त्यांचा न्याय करण्याची घाई करू नका, असे लेव्ही बजावतात. पण खुनी आणि बळी यांतली सीमारेषा पुसणाऱ्यांना ते तितक्याच कडकपणे फटकारतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणे अवघड आहे, आणि ते त्यांना साधले आहे.

प्रश्न : मी नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी एका निर्दोष सहकाऱ्याविरुद्धच्या निवेदनावर, सगळ्यांनी केली म्हणून, मीही सही केली. कोणी धमकावले नव्हते. आजही ती सही आठवते. भला म्हणवणारा माणूस असे का करतो, हे समजून घ्यायला एखादे पुस्तक सुचवाल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : व्हासिली ग्रॉसमन यांची ‘लाइफ अँड फेट’ ही रशियन कादंबरी आपण वाचावी. ती प्रचंड आहे, पात्रांची गर्दी आहे, आणि पहिली शंभर पाने नावे लक्षात ठेवण्यातच जातात. तरीही आपल्या प्रश्नाच्या इतके जवळ जाणारे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही.

स्टालिनग्राडच्या लढाईच्या काळात घडणाऱ्या या कादंबरीत व्हिक्टर श्ट्रूम हा पदार्थविज्ञानाचा संशोधक आहे. त्याने महत्त्वाचा शोध लावला आहे, पण तो ज्यू आहे, फटकळ आहे आणि वरिष्ठांच्या मर्जीतून उतरला आहे. संस्थेत त्याच्यावर दोषारोप सुरू होतात. आपल्या चुका कबूल कर, म्हणजे प्रकरण मिटेल, असे सुचवले जाते. तो कबुलीच्या सभेला जातच नाही. मित्र भेटेनासे होतात, अटक केव्हाही होईल अशा भीतीत दिवस जातात, आणि तरीही त्या दिवसांत त्याच्या मनाला एक विलक्षण हलकेपणा लाभलेला असतो. मग एके दिवशी फोन वाजतो. पलीकडे साक्षात स्टालिन असतो, आणि तो त्याच्या कामाला शुभेच्छा देतो. एका क्षणात सारे पालटते. तोंड फिरवणारे लोक हसतमुखाने भेटू लागतात, हवे ते मिळू लागते, दिमतीला गाडी येते.

आणि आता, भीती उरलेली नसताना, त्याच्यासमोर एक पत्र ठेवले जाते. परदेशी वृत्तपत्रांच्या आरोपांना उत्तर म्हणून शास्त्रज्ञांच्या वतीने ते जायचे आहे आणि त्यात निर्दोष डॉक्टरांना खुनी ठरवलेले आहे. श्ट्रूमला ते खोटे आहे हे ठाऊक असते. पण आसपासची माणसे इतकी सौजन्याने बोलत असतात, त्याला आपल्यातलाच मानत असतात, आणि नकार देणे हे त्या सौजन्याचा अपमान केल्यासारखे वाटू लागते. तो सही करतो. धाकापुढे न वाकलेला माणूस आपुलकीपुढे वाकतो, हे ग्रॉसमन यांनी त्या काही पानांत इतक्या बारकाईने दाखवले आहे, की वाचताना आपलाच हात कागदाकडे सरकतो आहे असे वाटते. कोणी धमकावले नव्हते, असे आपण लिहिले आहे. म्हणूनच हा भाग आपल्यासाठी आहे, असे मला वाटले.

ग्रॉसमन यांनी हे दुरून पाहून लिहिलेले नाही. १९५३ च्या आरंभी, ज्यू डॉक्टरांवर कटाचा आरोप ठेवला गेला तेव्हा, त्यांच्या कठोर शिक्षेची मागणी करणाऱ्या एका सामूहिक पत्रावर त्यांनी स्वतः सही केली होती आणि ती त्यांना जन्मभर सलत राहिली. पुढे त्यांनी जी कादंबरी लिहिली तिचे हस्तलिखित फेब्रुवारी १९६१ मध्ये गुप्त पोलिसांनी जप्त केले. टंकलेखन यंत्राच्या फितीसुद्धा सोडल्या नाहीत. असे पुस्तक दोन-तीनशे वर्षे तरी छापता येणार नाही, असे त्यांना वरून सांगण्यात आले. १९६४ मध्ये ते वारले. मित्रांनी दडवून ठेवलेल्या प्रतीची सूक्ष्मचित्रे देशाबाहेर पोहोचली आणि कादंबरी १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. सोव्हिएत वाचकाला ती १९८८ मध्ये मिळाली. ज्याने सही केली होती त्यानेच हे पुस्तक लिहिले, आणि ते लिहिताना स्वतःला कोठेही सवलत दिली नाही.

आपला तो सहकारी हयात असेल आणि त्याला भेटणे शक्य असेल, तर पुस्तक वाचून होण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. एकट्यादुकट्या माणसाने अन्यायाविरुद्ध काही केले तरी त्यातून निष्पन्न काय होते, असा वाद आमच्यात नेहमी होतो. यावर काही वाचायला मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हान्स फालाडा यांची ‘अलोन इन बर्लिन’ ही कादंबरी वाचा. तिच्यामागची घटना खरी आहे. बर्लिनमधील ओटो आणि एलिझे हाम्पेल हे कामगार वर्गातले दांपत्य. १९४० मध्ये एलिझेचा भाऊ युद्धात मारला गेल्यावर या दोघांनी हिटलरविरोधी मजकूर पोस्टकार्डांवर लिहून ती इमारतींच्या जिन्यांत आणि टपालपेट्यांत ठेवायला सुरुवात केली. अशी दोनशेहून अधिक कार्डे त्यांनी लिहिली. अखेर ते पकडले गेले आणि ८ एप्रिल १९४३ रोजी दोघांना मृत्युदंड देण्यात आला. फालाडा यांनी १९४६ च्या शरद ऋतूत अवघ्या काही आठवड्यांत कादंबरी लिहून काढली आणि ती छापून येण्यापूर्वीच ते निवर्तले.

आपल्या प्रश्नाचे मर्म कादंबरीतल्या एका संवादात आहे. ओटो क्वांगेल (कादंबरीतले नाव) पकडला गेल्यावर पोलीस अधिकारी त्याला नकाशा दाखवतो. त्याने लिहिलेल्या २७६ कार्डांपैकी आणि ९ पत्रांपैकी जवळजवळ सारी लोकांनी घाबरून स्वतःहून पोलिसांकडे आणून दिलेली असतात. न आलेली फक्त १८. आपली कार्डे हातोहाती फिरत असतील, अशी ओटोची समजूत असते, आणि ती तेथे कोसळते. लेखकाने हा आकडा सौम्य केलेला नाही, वाचकाला दिलासा देणारा प्रसंगही जोडलेला नाही. त्यानंतरही ओटो आपण केले ते बरोबरच होते असे म्हणतो. तो कशाच्या आधारावर म्हणतो, हे कादंबरीचा उरलेला भाग सांगतो, आणि तो आपण स्वतः वाचून आपल्या मित्रमंडळींशी पुन्हा वाद घालावा.

प्रश्न : आपल्याकडे नैतिक धैर्याचा विषय निघाला की लोक जर्मनीकडे आणि रशियाकडे वळतात. मी दंगल पाहिलेल्या गावचा आहे. आपल्याच मातीतल्या अशा काळावर लिहिलेले, कोणा एका बाजूचे वकीलपत्र न घेतलेले पुस्तक आहे का? (एक वाचक, भिवंडी)

उत्तर : आपल्या गावाचे नाव वाचून मला भीष्म साहनी यांची ‘तमस’ लगेच आठवली, आणि त्याला कारण आहे. साहनी मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मध्ये तेथे उसळलेली दंगल त्यांनी पाहिली होती, पण तिच्यावर ते कित्येक वर्षे लिहू शकले नव्हते. १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली, तेव्हा थोरले बंधू बलराज साहनी यांच्यासोबत ते तेथे गेले. जळालेली घरे आणि सुन्न गल्ल्या पाहिल्यावर रावळपिंडी पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली आणि त्यातून कादंबरी लिहिली गेली, असे त्यांनीच सांगितले आहे. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांनी तिच्यावर केलेली मालिका दूरदर्शनवर अनेकांनी पाहिली असेल. तरी मूळ हिंदी कादंबरी मराठी वाचकाला सहज झेपणारी आहे आणि ती वाचायलाच हवी.

हरनाम सिंग हा म्हातारा शीख एका खेड्यात चहाचे दुकान चालवतो. दंगलखोर येणार असे कळताच तो आणि त्याची बायको बंतो रात्री घर सोडून निघतात आणि पहाटे दुसऱ्या एका गावात एका मुसलमान घराचे दार ठोठावतात. घरात राजो ही प्रौढ बाई आणि तिची सून असते. नवरा आणि मुलगा बाहेर, बहुधा लूटमारीतच. राजो गोंधळते, घरातली माणसे परतल्यावर काय होईल याची हमी देता येणार नाही असे स्पष्ट सांगते. ते दोघे जायला वळतात तेव्हा मात्र तिच्याने राहवत नाही आणि ती त्यांना परत बोलावते. थोड्या वेळाने नवरा लुटीची ट्रंक घेऊन येतो. ट्रंक हरनाम सिंगचीच असते. कुलूप फोडण्याची खटपट चाललेली ऐकून लपलेला हरनाम सिंग स्वतःच किल्ली पुढे करतो. घरधनी त्याला ओळखत असतो, तो ओशाळतो. तरुण मुलगा कुऱ्हाड घेऊन म्हाताऱ्यावर धावून जातो, पण त्याचा हात उठत नाही. रात्री राजो त्या दोघांना गावाबाहेर पोहोचवते आणि ट्रंकेतून निघालेले बंतोचे दागिने तिच्या हाती परत ठेवते. या घरात लूट आणि आसरा एकाच छपराखाली आहेत, आणि साहनींनी त्यातले काहीही वगळलेले नाही.

पण केवळ याच प्रसंगासाठी मी ‘तमस’ सुचवत नाही. त्याच कादंबरीत शाहनवाज हा सधन गृहस्थ आहे. तो आपल्या हिंदू मित्राच्या कुटुंबाला जिवाची पर्वा न करता सुरक्षित जागी हलवतो, मित्राच्या बायकोचे दागिने आणायला पुन्हा त्यांच्या बंद घरी जातो, आणि तेथे एकटा राखण करणारा गरीब हिंदू नोकर जिन्यावर पुढे चालत असताना त्याला लाथ मारून खाली लोटतो. काही क्षणांपूर्वी त्याने खिडकीतून एक प्रेत पाहिलेले असते. मग दागिन्यांचा डबा तो मित्राच्या बायकोच्या हाती विश्वासाने नेऊन देतो. मैत्री ज्याच्यासाठी होती त्याच्याशी ती शेवटपर्यंत पाळली गेली. नोकर त्या मैत्रीच्या हिशेबात नव्हता. मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी हादरलो आहे.

शिवाय साहनी आणखी एका माणसाला सुटू देत नाहीत. इंग्रज डेप्युटी कमिशनर रिचर्ड हा सुसंस्कृत, इतिहासाचा अभ्यासक. शहरातले पुढारी त्याच्याकडे येऊन संचारबंदी लावा, लष्कर बोलवा असे विनवतात, आणि तो त्यांना गोड बोलून वाटेला लावतो. गावे जळून गेल्यावर एक विमान आकाशात घिरट्या घालते आणि दंगल शमते. ते विमान आधीही उडवता आले असते. जनावराची कातडी सोलणाऱ्या गरीब नत्थूला पाच रुपये देऊन डुक्कर मारायला लावले जाते, ते कशासाठी हे त्याला ठाऊक नसते, आणि पुढे तो अपराधाच्या भावनेने झुरतो. ज्याच्या हाती सर्वाधिक अधिकार होता तो मात्र झुरत नाही. कोणाला किती वाव होता आणि त्याने त्याचे काय केले, या कसोटीवर सगळी कादंबरी उभी आहे. वकीलपत्र तिने कोणाचेच घेतलेले नाही, आणि तरीही दोष कोणाचा हे तिला पक्के ठाऊक आहे.

प्रश्न : मराठीत अशी पुस्तके नाहीत का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आहेत, आणि त्यांतले एक तर युरोपातल्या त्याच काळोखाशी थेट जोडलेले आहे. विश्राम बेडेकरांची एकमेव कादंबरी ‘रणांगण’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची भेट होते. बोटीवर असे आणखी निर्वासित आहेत; त्यांना कोणताही देश आपला म्हणायला तयार नाही. छळछावण्यांचा शेवट काय होणार हे जगाला अजून कळायचे होते, त्या वेळी बेडेकरांनी ही माणसे मराठीत आणली, याचे मला आजही नवल वाटते. मुंबई आली की चक्रधर उतरणार आणि हॅर्टाला पुढे जावे लागणार, हे दोघांनाही माहीत आहे. त्याचे प्रेम खरे आहे, अनुकंपाही खरी आहे. त्या प्रेमासाठी काय पणाला लावायचे, हा प्रश्न मात्र किनारा जवळ येईल तसा टोकदार होत जातो. पुढचे मी सांगत नाही, कारण ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यावर तो अन्याय होईल. पुस्तक लहान आहे. दोन बैठकांत वाचून होते.

दुसरे पुस्तक बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. येथे काळोख कोठून आलेला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेला आहे. नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लेखन केले आणि पुष्कळ वर्षांनी, १९८६ मध्ये, ते पुस्तकरूपाने आले. भूक, रोगराई, अंधश्रद्धा आणि सवर्णांचा जाच यांचे वर्णन करताना त्या स्वतःच्या समाजातल्या सुनांचा सासरी होणारा छळही तितक्याच रोखठोकपणे मांडतात. मृत जनावराचे मांस खाणे सोडा आणि मुलांना शाळेत घाला, हा डॉ. आंबेडकरांचा संदेश महारवाड्यात पोहोचतो तेव्हा काय होते, तो भाग सावकाश वाचावा. ज्यांच्या चुलीवर शिजवायला दुसरे काही नव्हते, त्यांनी स्वाभिमानासाठी ते अन्न सोडायचे होते. पोट भरलेल्या माणसाने केलेल्या त्यागाशी या निर्णयाची बरोबरी होऊ शकत नाही, आणि आपल्या साहित्यचर्चेत त्याला पुरेसा मान मिळालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला या विषयावरचे पहिले पुस्तक कोणते द्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी द्यावी, तिचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. जून १९४२ मध्ये अ‍ॅनने लिहायला सुरुवात केली तेव्हा तीही तेरा वर्षांचीच होती. सोबत तिला एवढे सांगावे, की आम्स्टरडॅममधल्या त्या कार्यालयामागे लपलेल्या आठ जणांना दोन वर्षे अन्न, पुस्तके आणि बातम्या पुरवणारी माणसे त्याच कार्यालयातली साधी नोकरदार होती आणि पकडले गेल्यास आपले काय होईल हे त्यांना ठाऊक होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी धाड पडल्यावर मीप गीस यांनी अ‍ॅनचे कागद गोळा करून न वाचताच खणात ठेवले, आणि ती परतणार नाही हे निश्चित झाल्यावर ते तिच्या वडिलांच्या हाती दिले. आपण ते वाचले असते तर मदत करणाऱ्यांची नावे त्यांत असल्याने जाळावे लागले असते, असे मीप यांनी पुढे सांगितले. रोजनिशी जेथे थांबते त्यानंतर काय झाले, हे मुलीने विचारले तर खरे ते सांगावे, आणि त्या वेळी आपण तिच्याजवळ असावे.

प्रश्न : मी परिचारिका आहे. कोविडच्या काळात आमच्या विभागात रोज मृत्यू पाहिले. लोक आम्हाला देव म्हणत. आम्ही घाबरलेलो होतो आणि घरी जायची वाट पाहत होतो. तेव्हापासून असे पुस्तक हाती धरवत नाही. तरीही वाचावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वाचलेच पाहिजे असे मुळीच नाही. जे आपण प्रत्यक्ष केले आहे त्याविषयी पुस्तकाने आपल्याला काही शिकवावे, अशी अपेक्षा करणेही मला उद्धटपणाचे वाटते.

कधी मन झाले, तर आल्बेर काम्यू यांची १९४७ ची ‘द प्लेग’ ही कादंबरी जवळ करावी. अल्जीरियातील ओरान शहरात प्लेग पसरतो, वेशी बंद होतात आणि डॉक्टर रियू रोज रोगी तपासत राहतो. कोणी त्याच्या कामाला शौर्य म्हटले तर त्याला ते रुचत नाही. आपले काम नीट करणे एवढेच तो जाणतो. शहरात अडकलेला रांबेर नावाचा पत्रकार तेथून निसटून आपल्या प्रिय स्त्रीकडे जाण्याची धडपड करत असतो. रियू त्याला अडवत नाही, त्याचे चुकते असे एकदाही म्हणत नाही. आपलीही बायको आजारी असून दूरच्या आरोग्यधामात आहे, हे रियू त्याला सांगतसुद्धा नाही. ते रांबेरला तिसऱ्याच माणसाकडून कळते. निसटण्याची सारी तयारी झाल्यावर रांबेर राहण्याचे ठरवतो, आणि रियू त्याही वेळी त्याची पाठ थोपटत नाही. घरी जावेसे वाटणे हा काम्यू यांच्या लेखी दोष नाही. आपल्याला ज्याचा संकोच वाटतो आहे त्याला या कादंबरीत पूर्ण मान आहे.

एक सूचना आवर्जून करतो. रांबेरच्या या निर्णयानंतर लगेच, चौथ्या भागात, एका लहान मुलाच्या मृत्यूचे फार सविस्तर वर्णन आहे. ती पाने आपण खुशाल वगळावीत. आणि ज्यांच्या वाचनमंडळात परिचारिका, डॉक्टर किंवा त्या काळात जवळचे माणूस गमावलेले सभासद असतील, त्यांनी हे पुस्तक ठरवण्यापूर्वी त्या सभासदांना आधी विचारून घ्यावे. मंडळाला एखाद्या हंगामासाठी क्रम हवा असेल, तर ‘रणांगण’ने आरंभ करावा, मग ‘तमस’ घ्यावी आणि ‘लाइफ अँड फेट’ शेवटी ठेवावी. तिला किमान तीन महिने द्यावेत, आणि पहिल्या बैठकीत पहिल्या भागातले अठरावे प्रकरण, म्हणजे कुंपणाआड कोंडलेल्या आईने श्ट्रूमला लिहिलेले पत्र, एकाने सर्वांसाठी मोठ्याने वाचावे.